डब्यावरचा दोरा

मिस्त्रींचा हात फ्रिजवर असा बसलेला होता की बाजारातले दुकानदार कंपनीच्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे. कॉम्प्रेसरला कान लावून गॅस किती उरलाय ते सांगणारा हा माणूस. स्वतःच्या या कानाचं त्यांना फार कौतुक, आणि ते लपवण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. वय बावन्न, डोक्यावर केस नावापुरते. तरी घरात मोठी बहीण त्यांना अजून छोट्या म्हणायची.

ही ताई त्यांच्याकडेच राहायची. लग्न केलं नाही, गावातल्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करायची. पानं सुटलेलं पुस्तक तिच्या हातात गेलं की मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने ते असं शिवून यायचं की पुढची पन्नास वर्षं वाचणाऱ्याने कसंही वागवावं. अकराव्या वर्षापासून तिला मधुमेह. त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत सुई टोचताना तिने तोंड वाकडं केलेलं मिस्त्रींना आठवत नव्हतं.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी हा आजार मिस्त्रींना एकदा छान समजावून सांगितला होता. पोटामागे स्वादुपिंड असतं. त्यातून दोन संप्रेरकं निघतात. रक्तात साखर वाढली की इन्सुलिन निघतं आणि ती साखर पेशींत नेऊन पोचवतं. साखर फार उतरली की ग्लुकागॉन निघतं, यकृताच्या कोठीतली साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं. एक उतरवणारं, एक चढवणारं. माणूस जेवो की उपाशी राहो, दोघं मिळून काटा मध्ये धरतात.

"म्हणजे थर्मोस्टॅट," मिस्त्री म्हणाले होते.

"तुमच्यापेक्षा वरचढ. तुमचा नुसता गार करतो, गरम करायचं काम हवेवर सोडतो. शरीरात दोन्हीकडून ओढणारे आहेत. ताईंचं इन्सुलिन मुळातच बंद पडलंय, म्हणून ते बाहेरून द्यायचं. आणि इतक्या वर्षांनी ते दुसरंही आळशी होतं. साखर उतरली तर त्यांचं शरीर वेळेवर हाक मारेलच असं नाही." असं म्हणून त्यांनी एक लाल डबी दिली होती. आत ग्लुकागॉनची पूड, पाण्याने भरलेली सिरिंज. अडीनडीला लागेल, कपाटात ठेवा, म्हणाल्या. मिस्त्रींनी कसं मिसळायचं, कुठे टोचायचं ते दोनदा विचारून घेतलं. यंत्र कुठलंही असो, त्याची माहिती त्यांना पाठ हवी असायची.

तर त्या महिन्यात ताईची साखर चढायला लागली. आधी दोनशे चाळीस, मग दोनशे नव्वद, मग तीनशे वीस. तिला सारखी तहान लागे, पाय ओढत चाले, दोरा ओवताना दोनदा सुई चुकायची. डॉक्टरीणबाईंनी सकाळचा आणि दुपारचा डोस वाढवला. दुपारच्या बारा युनिटचे पंधरा केले, आठवड्याने अठरा. साखर हलेना. मिस्त्री, त्यांची बायको आणि ताई तिघंही दवाखान्यात गेले तेव्हा बाईंनी एकेक शक्यता तपासली. सुई बदलता का, जागा बदलता का, ताप आला होता का.

"इन्सुलिन नीट थंड राहतंय ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

ताईने उत्तर द्यायच्या आत मिस्त्री हसले. "डॉक्टर, मेकॅनिकच्या घरचा फ्रिज आहे तो."

बाईंनी तो प्रश्न तिथेच सोडला. मग उरलं काय, तर खाणं. त्यांनी हळूच विचारलं, काही गोड वगैरे? ताई नाही म्हणाली. मग म्हणाली, ग्रंथालयातली एक बाई निवृत्त झाली तेव्हा केकचा अर्धा तुकडा खाल्ला होता, पण त्याचं इन्सुलिन मोजून घेतलं होतं. तिने खरं सांगितलं, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. घरी आल्यावर मिस्त्रींना तेवढं पुरलं.

"अर्धा तुकडा तू सांगितलास," ते जेवताना बायकोसमोर म्हणाले, "न सांगितलेले किती असतील कोण जाणे. सत्तावन्न वर्षांची झालीस, जिभेला लगाम नाही? आम्ही किती दिवस तुझ्यामागे धावायचं?"

बायकोने भुवया उंचावून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. ताईने ताटातला घास मोडून परत ठेवला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी चहा करताना मिस्त्रींना साखरेच्या डब्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला दिसला, झाकणावर घट्ट गाठ. बायकोने पहारा बसवलेला दिसतोय, त्यांना वाटलं. बरं केलं, असंही वाटलं. ते बिनसाखरेचा चहा पिऊन कामाला गेले.

सोमवारी ग्रंथालय बंद असायचं. त्या सोमवारी बायको लवकर उठून शाळेच्या कचेरीत कामाला गेली होती. मिस्त्रींना फ्रिजमध्ये मागे ठेवलेली काकडी हवी होती. हातात आली ती काचेची झालेली. बोटांनी दाबली तर करकरली. बायको पंधरवडाभर म्हणत होती, मागच्या बाजूला भाजी गोठते, जरा बघा. त्यांनी नॉब कमी केला होता आणि विषय संपवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काकडीच्या शेजारी इन्सुलिनचा खोका होता. सर्वांत आत, सर्वांत वर. ती जागा त्यांनीच नेमून दिली होती, तिथे म्हणे गारवा एकसारखा राहतो. त्यांनी खोका उघडला. चालू बाटलीत पातळ काहीतरी होतं आणि त्यात बर्फाची एक सळई उभी होती. बाकीच्या तीन तर पार दगड.

इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं, हे त्यांना माहीत होतं. खोक्यावरच छापलेलं होतं, आणि मिस्त्री छापलेलं सगळं वाचायचे. वितळल्यावर ते पुन्हा पाण्यासारखं नितळ दिसतं, पण अंगात जोर उरत नाही. गार औषध झोंबतं म्हणून ताई उठल्या उठल्या खोका टेबलावर काढून ठेवायची, चहा, आंघोळ आटोपून मग टोचायची. तोवर बर्फ वितळलेला असायचा. तिला दिसणार कसं?

त्यांनी फ्रिजचं आतलं कव्हर खोललं आणि समोरचा थर्मोस्टॅट ओळखला. अठरा दिवसांपूर्वी घरचा थर्मोस्टॅट गेला होता. गडबडीत त्यांनी थैलीतला एक लावला होता, आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमधून काढलेला. उणे अठराला बंद होणारा. आजचा दिवस चालेल, उद्या बरोबरचा आणतो, असं म्हणाले होते. कुणाला? स्वतःलाच. आणि तो उद्या बाजारातल्या इतरांच्या फ्रिजांमध्ये वाहून गेला होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फ्रिज बिघडला होता आणि डोस ताईचा वाढत होता.

आतल्या खोलीतून ताईच्या चपलांचा आवाज आला. त्याच क्षणी सांगायचं होतं. हे त्यांनाही कळत होतं, उगाच त्यांना भोळं ठरवण्यात अर्थ नाही. पण जेवणाच्या टेबलावरचं आपलं बोलणं त्यांना आठवलं, दवाखान्यातलं हसू आठवलं, आणि तोंड उघडेना. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी दुरुस्त करू, साखर उतरू दे, मग कधीतरी हसत हसत सांगू. गिऱ्हाइकाच्या घरी नाही का आपण चुकीचा पार्ट गुपचूप बदलून टाकत? मशीन चालू झालं की कोण विचारतं?

ते धावत औषधांच्या दुकानात गेले, चार नव्या बाटल्या आणल्या. जुन्या चारही हत्यारांच्या थैलीत तळाला घातल्या. येताना आणलेला बरोबरचा थर्मोस्टॅट बसवला. ताई आंघोळ आटोपून बाहेर आली तेव्हा ते फडक्याने हात पुसत होते.

"ताई, तुझी चालू बाटली माझ्या हातून पडली. फुटली. नवी काढ."

"असू दे रे," ताई म्हणाली. "तळाशीच आलं होतं. काच लागली नाही ना तुला?"

नाही, ते म्हणाले, आणि थैली उचलून निघाले. थैलीत बाटल्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या, म्हणून त्यांनी ती छातीशी धरली.

बाराच्या सुमारास तिचा फोन आला. त्यांनी घेतला तेव्हा तिचा आवाज त्यांना ओळखू येईना, इतका तो मोकळा झाला होता.

"छोट्या, आत्ता जेवणाआधी बघितली. एकशे अठरा. मशीनवर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या बोटातूनही बघितली. तीच."

सांगायची दुसरी संधी होती ही. मिस्त्रींनी काय केलं? ते म्हणाले, "बघ. तोंडावर ताबा ठेवला की येते ना खाली."

"हो," ताई म्हणाली. "आता टोचते आणि जेवते."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. पण साखर एकशे अठरा होती, आणि माणसाला चांगल्या बातमीआड लपायला आवडतं. ते फुलवालीच्या दुकानात कामाला लागले.

तिथे फुलांचं मोठं काचेचं शीतकपाट होतं. गॅस गळून गेला होता. दीड तास खपून त्यांनी गळती बुजवली, गॅस भरला. कॉम्प्रेसर पुन्हा जोरात चालू झाला, काचेवर वाफ धरली. फुलवालीने पाणी दिलं. ते पीत त्यांनी नॉबकडे बोट दाखवलं.

"हा आता खाली घ्या. मशीन दमलं होतं म्हणून तुम्ही पार टोकाला नेऊन ठेवलाय. आता ते नीट झालंय, तरी तिथेच राहिला तर सगळी फुलं..."

वाक्य तिथेच राहिलं. फुलवाली वाट बघत उभी.

अठरा युनिट. मेलेल्या इन्सुलिनसाठी वाढवलेले अठरा. त्यांनी बाटली बदलली होती आणि नॉब टोकालाच ठेवला होता. सकाळचा डोस ताईने नव्या बाटलीतून वाढवूनच घेतला, त्याने तीनशेची साखर एकशे अठरावर आणली. आणि त्यावर दुपारी पुन्हा अठरा. कुठलाही शिकाऊसुद्धा ही चूक करत नाही. दुरुस्ती झाली की नॉब जागेवर आणायचा, हे ते स्वतः वीस वर्षं लोकांना शिकवत होते.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग हत्यारं तिथेच टाकून, बाटल्यांची थैली तेवढी छातीशी धरून ते धावले. चार गल्ल्या. पन्नाशीनंतर माणूस कसा धावतो ते कुणी बघू नये. एका सायकलवाल्याने शिवी दिली, ती त्यांना लागलीसुद्धा नाही.

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर शिवायला आणलेलं पुस्तक, अर्धं शिवलेलं, अर्धं सुटं. ती सुई पानांतून न घालता टेबलाच्या कापडातून घालत होती, शांतपणे, टाक्यामागे टाका. कपाळावरून घाम ओघळून भुवयांत साठला होता. कापडावर टाक्यांची सरळ ओळ तयार झाली होती.

"ताई."

तिने वर बघितलं, पण ओळख नजरेत उशिरा आली. "तू घरी कसा?"

ते साखरेच्या डब्याकडे धावले. झाकणावर दोरा. गाठ नखाने सुटेना, घामेजलेल्या बोटांत सरकेना. मेण लावलेला दोरा तो, सुटायला बांधलेलाच नव्हता. शेवटी सुरीने कापला. पाण्यात साखर ढवळून त्यांनी पेला तिच्या ओठांशी नेला.

ताईने तोंड घट्ट मिटलं.

"पी. साखर उतरलीय तुझी."

तिने मान फिरवली. पेला तिच्या हनुवटीवर सांडला. "नाही खाल्लं मी," ती म्हणाली. शब्द जड झाले होते, ओढत येत होते. "खरंच नाही खाल्लं. तू शोध डब्यात. मी नाही खाणार."

"ताई, तू नाही खाल्लंस. मला माहीत आहे. पी आता."

"नाही खाणार म्हटलं ना." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, लहान मुलं झाकतात तसं.

मिस्त्री गुडघ्यावर बसले. त्यांच्या तोंडून सकाळपासून अडकलेलं सगळं एका दमात आलं. "तुझी चूक नव्हती. फ्रिज मी बिघडवला. इन्सुलिन गोठलं होतं. बाटली फुटली नाही, मी लपवली. तुझं काही चुकलेलं नाही, ऐक माझं." ताई हातांआडून त्यांच्याकडे बघत होती, पण तिला ते पोचत नव्हतं. तिच्या डोळ्यांना एवढंच दिसत होतं की भाऊ रागावलाय आणि हातात साखर आहे. शेहेचाळीस वर्षं तिने जे पथ्य पाळलं, ते ती आताही पाळत होती. तिचा तोल गेला, त्यांनी तिला धरून जमिनीवर कुशीला झोपवलं.

कपाटातली लाल डबी. सिरिंजमधलं पाणी पुडीत, हलवा, नितळ होऊ द्या, परत ओढा. हातांना क्रम माहीत होता. साडीवरूनच मांडीत सुई घातली. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. बाई म्हणाल्या, अँब्युलन्स पाठवते, कुशीवरच ठेवा, तोंडात काही घालू नका, पंधरा मिनिटांत जागी व्हायला हवी.

त्या पंधरा मिनिटांत काय झालं ते मिस्त्रींनी नंतर कुणाला सांगितलं नाही. ते तिच्या श्वासाला कान लावून बसले होते. आत कुठेतरी ते औषध यकृताच्या कोठीचं दार ठोठावत असेल, असं ते मनात घोकत होते. उघड, एवढंच म्हणत होते. कुणाला म्हणत होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अकराव्या मिनिटाला ताईने पाय हलवला. मग डोळे उघडले आणि म्हणाली, मळमळतंय. त्यांनी तिला टेकून बसवलं. तिने हळूहळू अर्धा पेला साखरपाणी घेतलं, या वेळी नाही म्हणाली नाही. बोटातून रक्त घेतलं तर शहात्तर. फोन चालूच होता, डॉक्टरीणबाईंनी आकडा ऐकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"ताई, दुपारी किती घेतलं होतंत?"

"अठरा," ताई म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "की जास्त ओढलं, कोण जाणे. माझीच चूक असेल, डॉक्टर. हल्ली माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

मघाचं एक अक्षरही तिच्या लक्षात नव्हतं. मिस्त्रींना ते कळलं. त्यांनी गुडघ्यावर बसून जे सांगितलं होतं ते कुणीच ऐकलेलं नव्हतं. मूठ अजून झाकलेलीच होती. ताईने चूक स्वतःच्या नावावर घेऊनही टाकली होती, आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तिची चूक नाही." आणि त्यांनी सांगितलं. थर्मोस्टॅट, गोठलेल्या बाटल्या, सकाळची बदली, फुटलेल्या बाटलीची थाप, दुपारचा फोन. एकही गोष्ट गाळली नाही. थैलीतल्या चार बाटल्या काढून ताईसमोर जमिनीवर ठेवल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारचा डोस पुन्हा बारावर, सकाळचाही पूर्वीएवढाच. आज दर तासाला साखर बघा. अँब्युलन्स येतेय, तपासून घेऊ द्या. बाकीचं मी तुमच्याशी नंतर बोलेन." त्या 'तुमच्याशी'त जे होतं ते मिस्त्रींना पुरेसं होतं.

फोन बंद झाला. ताईने एक बाटली उचलून उजेडात धरली. पाणी नितळ होतं.

"किती दिवस?"

"अठरा."

"आणि मला इतके दिवस वाटतंय की मी वेडी झाले," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू टेबलावर बोललास ना, त्यानंतर मी विचार करायला लागले. दिवसा तर मी काही खात नाही. मग झोपेत उठून खात असेन. लोक झोपेत चालतात, मी पुस्तकात वाचलंय. म्हणून डब्याला दोरा बांधला. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची. तरी साखर तीनशे. मग मला वाटलं, गाठही माझीच, झोपेत सोडून परत मारत असेन. मला दुसरं काही सुचेचना."

मिस्त्रींना रडू आलं. ताईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. पूर्वी फिरवला असता. ती बाटलीकडे बघत राहिली.

"मला वाटलं, तो दोरा हिने बांधलाय," ते म्हणाले.

"आणि बरं केलं असंही वाटलं असेल."

"वाटलं," ते म्हणाले.

अँब्युलन्सवाल्यांनी ताईला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि तिने भरपूर खायला हवं असं बजावून ते गेले. ताईने दोन बिस्किटं खाल्ली, सावकाश, भावासमोर, एकेक तुकडा मोडून. मग तिने टेबलाच्या कापडातले टाके उसवायला घेतले.

"टेबलावर तू तुझ्या बायकोसमोर बोलला होतास," ती मान वर न करता म्हणाली.

"हो."

एवढंच बोलणं झालं. साडेचारला बायको आली. दारात चपला काढताना तिला जमिनीवर पडलेला पांढरा दोरा दिसला. तिने तो उचलला, डब्याकडे बघितलं, मग नणंदेकडे.

"ताई, हा दोरा कुणी कापला?"

ताईने सुईवरून नजर काढली नाही. मिस्त्री खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मी," ते म्हणाले, आणि बायकोला आधी बसायला सांगितलं.